वाचकांचे प्रश्न : कुत्र्याला कच्चे मांस द्यावे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे कुत्र्यांना कच्च्या मांसाचा आहार देण्याविषयी आहेत. हा आहार सुरू केलेले, सुरू करू पाहणारे आणि घरातील कोणी तो सुरू केल्यामुळे धास्तावलेले असे तिन्ही प्रकारचे वाचक त्यांत आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : कुत्रा हा लांडग्याचा वंशज असून लांडगा काही अन्न शिजवून खात नाही. म्हणून कुत्र्यालाही कच्चे मांस आणि कच्ची हाडे हाच आहार योग्य, धान्य त्याच्या शरीराला परके, असे एका परिचितांनी सांगितले. आमचा कुत्रा तीन वर्षांचा आहे. हे म्हणणे कितपत खरे आहे?

उत्तर : कुत्रा लांडग्यांच्या कुळातून आला, एवढा भाग खरा आहे. मात्र त्या कुळापासून वेगळे होऊन माणसाच्या सोबतीने राहू लागल्याला किमान चौदा हजार वर्षे झाली आहेत आणि या काळात कुत्र्याचे पचन जसेच्या तसे राहिलेले नाही. स्वीडनमधील उप्सला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर ज्या जनुकामुळे स्वादुपिंडात तयार होते, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत होत्या. सर्व जातींत हे प्रमाण सारखे नसते. अतिथंड प्रदेशातील काही जुन्या जातींत ते कमी आढळते. कुत्र्याच्या लाळेत अमायलेज नसते हे कच्च्या आहाराचे समर्थक आवर्जून सांगतात आणि ते बरोबरही आहे, पण ते काम स्वादुपिंड करते आणि नीट शिजवलेले धान्य निरोगी कुत्रा जवळजवळ पूर्ण पचवतो. त्याला धान्य खावेच लागते असे नाही. परंतु ते त्याला परके आहे, हे म्हणणे टिकत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, लांडगा जे खातो ते आणि आपण ‘नैसर्गिक आहार’ म्हणून कुत्र्यापुढे ठेवतो ते, या दोहोंत मोठे अंतर असते. लांडगा शिकारीचे यकृत, मूत्रपिंडे, प्लीहा, रक्त, चरबी, कातडीचा काही भाग आणि हाडे असे बहुतेक सगळे खातो, तर घरी कुत्र्याला बहुधा बिनहाडाच्या मांसाचे तुकडे मिळतात. शिवाय रानातील लांडगा बहुधा दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच मरतो आणि जगतो तोवर पोटात जंत बाळगून असतो. पिल्ले होऊन ती वाढेपर्यंत प्राणी तगला की निसर्गाचे भागते. आपल्याला मात्र आपला कुत्रा बाराव्या-तेराव्या वर्षीही जिना चढता यावा असा हवा असतो. म्हणून ‘लांडगा हेच खातो’ या आधारावर त्या वयापर्यंतचा आहार ठरवता येत नाही.

हा विचार लोकप्रिय झाला तो इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यांच्या १९९३ मधील लेखनामुळे. शर्यतीच्या आणि बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना कच्चे मांस देण्याची पद्धत त्याआधीही होती. घरातील कुत्र्यांसाठी तिचा प्रसार त्यानंतर झाला. तयार खाद्याविषयीचा अविश्वास हेही त्यामागचे एक कारण आहे आणि तो अगदी निराधार म्हणता येणार नाही. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत मेलामाइनची भेसळ असलेल्या तयार खाद्यामुळे अनेक कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली होती. अशा घटनेनंतर कुत्र्याचे अन्न आपल्या हातून, आपल्या डोळ्यांसमोर तयार व्हावे असे पालकांना वाटले, ही भावना मला पूर्णपणे समजते. माझा आक्षेप आहे तो ते अन्न कच्चे ठेवण्याला आणि अपुरे ठेवण्याला.

प्रश्न : गेल्या काही महिन्यांपासून मी आमच्या कुत्रीला फक्त कच्चे मांस आणि थोडे यकृत देत आहे. तिचे केस चमकदार झाले, अंगाची खाज थांबली, विष्ठा कमी आणि घट्ट झाली, दातही स्वच्छ दिसतात. रक्ततपासणी केली तर तीही व्यवस्थित आली. यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

उत्तर : आपण लिहिलेला प्रत्येक बदल खरा आहे असे मी मानतो. त्यांची कारणे मात्र एकेक करून पाहायला हवीत.

केसांना चमक येते ती प्रामुख्याने आहारातील चरबीमुळे आणि कच्च्या मांसाच्या आहारात चरबीचे प्रमाण बहुधा पूर्वीच्या कोरड्या खाद्यापेक्षा बरेच जास्त असते. तेवढीच चरबी शिजवलेल्या अन्नातून मिळाली तरी केस तसेच चमकतात. विष्ठा कमी होते, कारण मांस जवळजवळ पूर्ण पचते आणि तंतुमय भाग त्यात नसतोच. त्यावरून आतड्यांचे आरोग्य सुधारले असा निष्कर्ष काढता येत नाही. चावण्याच्या घर्षणाने दातांच्या दिसणाऱ्या भागावरचे कीटण निघते हे खरे, पण हिरड्यांचा आजार हिरडीच्या कडेखाली वाढतो आणि तो दात पांढरे दिसत असतानाही असू शकतो. खाजेविषयी सांगायचे तर, कुत्र्यांत अन्नाची अ‍ॅलर्जी सर्वाधिक आढळते ती गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू यांची. पूर्वीच्या खाद्यात यांपैकी एखादा घटक असेल आणि नव्या आहारात तो नसेल, तर खाज थांबते. तोच घटक नव्या आहारात कच्चा दिला असता, तर ती थांबली नसती.

या आहाराच्या बाजूने असलेले संशोधनही येथे सांगायला हवे. हेलसिंकी विद्यापीठातील एका गटाने पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांचा अभ्यास केला असता, पिल्लूपणी कच्चे मांस खाल्लेल्या कुत्र्यांत पुढे त्वचेच्या आणि आतड्यांच्या तक्रारी कमी आढळल्या. हा अभ्यास मी गांभीर्याने घेतो. मात्र याच गटाला माणसांच्या ताटातील उरलेले अन्न खाणाऱ्या पिल्लांतही आतड्यांच्या जुनाट तक्रारी कमी दिसल्या आणि ते अन्न बहुतांशी शिजवलेले असते. म्हणून हा लाभ ताज्या आणि विविध अन्नाचा असण्याचीही तितकीच शक्यता आहे. तो कच्चेपणाचाच आहे असे त्यातून सिद्ध होत नाही.

आता रक्ततपासणीकडे येतो, कारण आपल्या पत्रातील सर्वांत मोठा धोका तेथे दडलेला आहे. साधारण २० किलो वजनाच्या प्रौढ कुत्रीला दिवसाला सुमारे १००० किलोकॅलरी लागतात आणि तेवढ्या आहारातून तिला किमान १ ग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे. बिनहाडाच्या १०० ग्रॅम मांसात कॅल्शियम असते साधारण १० मिलिग्रॅम. ती दिवसाला अर्धा किलो मांस खात असेल, तर तिला गरजेच्या विसाव्या हिश्श्याइतकेच कॅल्शियम मिळते. त्याच मांसात फॉस्फरस मात्र १०० ग्रॅमला सुमारे २०० मिलिग्रॅम असतो. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा थोडे अधिक असावे लागते. येथे ते विसाव्या भागाइतके आहे. अशा वेळी शरीर काय करते? रक्तातील कॅल्शियम घसरले तर हृदय आणि स्नायू यांचे काम बिघडेल, म्हणून गळ्यातील परावटू ग्रंथी आपले संप्रेरक अधिक प्रमाणात सोडतात आणि हाडांतील कॅल्शियम काढून रक्तातील पातळी राखली जाते. परिणामी हाडे महिनोन्महिने झिजत असतात आणि अहवालातील आकडा नेहमीप्रमाणे येत राहतो. पहिले लक्षण दिसते ते पुष्कळदा लंगडण्याचे किंवा साध्या उडीनंतर हाड मोडण्याचे.

कॅल्शियमइतक्याच सहजपणे आयोडीन, जस्त, मँगनीज, ‘ड’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे या आहारात कमी पडतात. माणसाप्रमाणे कुत्र्याला उन्हात बसून त्वचेतून पुरेसे ‘ड’ जीवनसत्त्व तयार करता येत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. उलट यकृत हौसेने अधिक दिले गेले तर ‘अ’ जीवनसत्त्व साठत जाऊन हाडांवर आणि सांध्यांवर परिणाम होतो. ते एकूण आहाराच्या वीसाव्या भागापेक्षा जास्त नसावे. आपण आहार बदलून मांस शिजवायला लागावे हे मी पुढे सांगणारच आहे, परंतु त्याची वाट न पाहता कॅल्शियमची उणीव याच आठवड्यात आपल्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने भरून काढावी, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : आमचे मोठ्या जातीचे पिल्लू चार महिन्यांचे आहे. त्याला कच्चे मांस आणि भात देतो. काही दिवसांपासून त्याचे पुढचे पाय वाकल्यासारखे दिसतात आणि ते उठताना विव्हळते. जोडीला कॅल्शियमच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

उत्तर : गोळ्या स्वतःहून सुरू करू नका आणि पुढचा अंक येण्याची वाटही पाहू नका, पिल्लाला आजच पशुवैद्यांकडे न्या. आपण वर्णन केलेली लक्षणे वर सांगितलेल्या उणिवेची असू शकतात आणि वाढत्या वयात ती काही आठवड्यांतच गंभीर रूप घेते. क्ष-किरण चित्र काढून घ्या, तोवर त्याला उड्या मारू देऊ नका, जिने चढू-उतरू देऊ नका.

गोळ्यांविषयी इतके स्पष्टपणे लिहिण्याचे कारण असे की, साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाच्या आतड्यांना जास्तीचे कॅल्शियम नाकारता येत नाही. प्रौढ कुत्रा नको असलेले कॅल्शियम बव्हंशी शोषून घेत नाही. पिल्लू ते शोषून घेते आणि मोठ्या जातींत त्यामुळे हाडांची आणि सांध्यांतील कूर्चेची वाढ बिघडते. उणीव आणि अतिरेक यांमधील वाट मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी फार अरुंद आहे. म्हणून अशा पिल्लांना वाढीच्या काळात, मोठ्या जातींच्या वाढीसाठीच तयार केलेले संपूर्ण खाद्य द्यावे असे माझे ठाम मत आहे. घरचे अन्न द्यायचेच असेल, तर आहारतज्ज्ञ पशुवैद्यांनी त्या पिल्लाच्या वजनासाठी लिहून दिलेल्या आणि दर काही आठवड्यांनी तपासलेल्या मापानेच द्यावे. तेथे अंदाज चालत नाही.

प्रश्न : घरात दीड वर्षाचे बाळ आहे आणि सासूबाईंचे कर्करोगाचे उपचार सुरू आहेत. यजमान कुत्र्यासाठी गोठवलेले कच्चे मांसखाद्य आणतात. गोठवल्यामुळे जंतू मरतात आणि कुत्र्याच्या जठरातील आम्ल उरलेले जंतू मारते, असे ते म्हणतात. मला मात्र भीती वाटते.

उत्तर : ताई, आपली भीती योग्य आहे आणि हे उत्तर आपण यजमानांनाही वाचायला द्यावे.

गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत; त्यांची वाढ थांबते एवढेच, आणि बर्फ वितळले की ते पुन्हा वाढू लागतात. मांसातील काही परजीवी पुरेसे दिवस खोल गोठवल्यास मरतात, पण आपल्या घरातील प्रश्न जिवाणूंचा आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील संशोधकांनी २०१८ मध्ये गोठवलेल्या कच्च्या खाद्याच्या ३५ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १९ नमुन्यांत लिस्टेरिया, ८ नमुन्यांत ई. कोलायचा ओ१५७ हा घातक प्रकार आणि ७ नमुन्यांत साल्मोनेला आढळला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याआधी तपासलेल्या कच्च्या खाद्याच्या १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया होता.

जठरातील आम्ल अनेक जिवाणूंना मारते, सर्वांना नाही. कॅनडातील एका प्रयोगात साल्मोनेलायुक्त कच्चे खाद्य एकदा खाल्लेल्या १६ कुत्र्यांपैकी ७ कुत्र्यांच्या विष्ठेतून पुढे सात दिवसांपर्यंत हा जिवाणू बाहेर पडत राहिला, आणि त्यांपैकी कोणताही कुत्रा आजारी दिसत नव्हता. आपल्या घरासाठी मला हीच बाब सर्वांत चिंतेची वाटते. कुत्रा आनंदाने खेळत असतो, त्याच तोंडाने बाळाचा हात चाटतो, त्याच्या शेपटीजवळच्या केसांवर जंतू असतात आणि रांगणारे मूल तेच हात तोंडात घालते. ओ१५७ मुळे लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये या जिवाणूच्या चार रुग्णांचा संबंध कुत्र्यांच्या कच्च्या खाद्याशी जोडला गेला आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. कर्करोगाच्या उपचारांत पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साल्मोनेला किंवा लिस्टेरिया रक्तात शिरला, तर सासूबाईंच्या जिवाला धोका आहे.

ज्या घरात पाच वर्षांखालील मूल, गर्भवती, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती आहे, तेथे कुत्र्याला कच्चे मांस देऊ नये. भांडी कितीही काळजीपूर्वक धुतली तरी कुत्र्याचे तोंड आणि विष्ठा यांचे काय करणार, हा प्रश्न उरतोच. तेच मांस शिजवून द्यावे. उरलेले गोठवलेले खाद्य हाडाचा भुगा नसल्यास शिजवून संपवता येईल, आणि हाडाचा भुगा असल्यास ते टाकून देणेच बरे.

प्रश्न : कोंबडीच्या माना कच्च्या दिल्या तर चालतात का? आणि डुक्कर, मेंढी, मासे, अंडी?

उत्तर : माना देऊ नयेत. मेलबर्नमधील पशुवैद्यकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, कच्ची कोंबडी, विशेषतः माना, खाण्याचा आणि कुत्र्यांना पायांपासून वर चढत जाणाऱ्या एका प्रकारच्या पक्षाघाताचा संबंध आहे. त्यामागे कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू असावा असे त्यांचे अनुमान होते. मोठ्या जनावरांच्या गळ्याच्या भागातील मांस दिले तर त्याला चिकटून आलेल्या अवटू ग्रंथीमुळे कुत्र्याच्या रक्तात थायरॉइड संप्रेरक वाढल्याची उदाहरणेही नोंदलेली आहेत.

कच्च्या डुकराच्या मांसातून औजेस्की नावाचा विषाणूजन्य रोग होऊ शकतो आणि तो कुत्र्यांत जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मेंढीचे कच्चे यकृत किंवा फुप्फुस खाल्ल्याने कुत्र्याच्या आतड्यात इकायनोकॉकस हा अगदी लहान पट्टकृमी वाढतो. कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण विष्ठेतून पडणारी अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. काही जातींच्या कच्च्या माशांत ‘ब१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग रोज दिल्यास बायोटिन शोषले जात नाही. हे सर्व पदार्थ शिजवल्यावर निर्धोक होतात, आणि अंडे तर कुत्र्यासाठी उत्तम अन्न आहे.

प्रश्न : शिजवलेली हाडे फुटतात म्हणून कच्ची द्यावीत, हे बरोबर ना?

उत्तर : शिजवलेली हाडे कधीच देऊ नयेत, हा अर्धा भाग बरोबर आहे. कच्च्या हाडांमुळे वरच्या जबड्यातील मोठी दाढ उभी चिरते, अन्ननलिकेत तुकडा अडकतो, भुग्याने मोठ्या आतड्यात दगडासारखा मळ साठतो. यांपैकी कशासाठीही शस्त्रक्रिया करावी लागू शकते. चघळण्यासाठी काही द्यायचेच असेल, तर अंगठ्याचे नख दाबल्यावर किंचित खड्डा पडेल इतपत मऊ वस्तू द्यावी.

प्रश्न : तयार कोरडे खाद्य द्यायचे नाही आणि कच्चे मांसही द्यायचे नाही, असे ठरवले तर कुत्र्याला घरी नेमके काय करून घालावे?

उत्तर : हा निर्णय चांगला आहे, फक्त तो मापाने पार पाडायला हवा. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापमानाला पोहोचेल इतके शिजवावे, हाडे पूर्णपणे काढावीत, आणि शिजवताना निघालेले पाणी टाकू नये, कारण पाण्यात उतरणारी जीवनसत्त्वे आणि टॉरिन हे हृदयाला लागणारे अमिनो आम्ल त्यात असतात. मीठ, कांदा, लसूण घालू नये. द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड घटक) असलेले पदार्थ त्याच्या वाट्याला कधीच येऊ देऊ नयेत. मांसाबरोबर शिजवलेले धान्य किंवा कंद, थोडी भाजी आणि थोडे तेल असावे. अंड्याच्या एका मोठ्या कवचाची बारीक पूड म्हणजे सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम. पण ती किती द्यायची हे बाकीच्या अन्नावर अवलंबून असते आणि आयोडीन, जस्त, ‘ड’ व ‘ई’ जीवनसत्त्वे तिच्यातून मिळत नाहीत. त्यासाठी खनिजे व जीवनसत्त्वांचे योग्य मिश्रण पशुवैद्यांकडून घ्यावे.

छापील पाककृतींवर विसंबण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांपैकी १९० पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता, आणि निम्म्याहून अधिक पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. म्हणजे पशुवैद्यांचा सामान्य सल्ला पुरत नाही. आपल्या कुत्र्याच्या वजनानुसार, वयानुसार गणित करून दिलेली कृती हवी, आणि एकदा मिळाली की तिच्यात स्वतःच्या मनाने फेरफार करू नयेत. बहुतेक घरी चांगली सुरुवात होऊन हळूहळू मिश्रण विसरले जाते, धान्य वाढते, मांस कमी होते. कृती स्वयंपाकघरात भिंतीवर लावून ठेवावी.

नव्या अन्नाकडे सात ते दहा दिवसांत हळूहळू वळावे. दर दोन आठवड्यांनी वजन करावे. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून जन्मभर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जोडीदारापेक्षा चतुर्थांश कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर इतरांचे ११.२ वर्षे भरले. कुत्र्याला पुढ्यातील अन्न किती मिळते, याने त्याच्या आयुष्यात इतका फरक पडतो. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, वरून पाहिले असता कंबर दिसावी, इतपतच त्याला खाऊ घालावे.

प्रश्न : आमचा कुत्रा अकरा वर्षांचा आहे आणि त्याच्या मूत्रपिंडांचे काम कमी झाल्याचे निदान झाले आहे. ताज्या कच्च्या मांसाने त्याला शक्ती येईल का?

उत्तर : नाही. या आजारात फॉस्फरस कमी करणे हा उपचाराचाच भाग असतो, आणि मांस व हाडे यांतून तो भरपूर मिळतो. हाडे आणि कच्चे मांस थांबवावे, पाणी सतत उपलब्ध ठेवावे. मूत्रपिंडांच्या आजारासाठीचे विशेष खाद्य तो खात असेल तर तेच द्यावे. खात नसेल तर उपाशी ठेवून हट्ट करू नये, कारण या वयात वजन घटणेही घातक असते. अशा वेळी अलीकडच्या रक्ताच्या आणि लघवीच्या तपासणीचे अहवाल, रक्तदाबाची नोंद आणि तो आठवडाभर नेमके काय व किती खातो याची यादी घेऊन पशुवैद्यांना भेटावे. त्यावरून त्याच्यासाठी कमी फॉस्फरसचे, शिजवलेले घरचे अन्न आखून घेता येते आणि अनेक कुत्री ते आवडीने खातात.